बद्द वाजलेली फरशी

फरशी बसवून झाली की मिस्त्री हातोड्याच्या लाकडी मुठीने तिच्यावर पाच ठिकाणी ठोकत असे. चारही कोपऱ्यांवर आणि शेवटी मधोमध. खाली सिमेंटचा माल सगळीकडे सारखा भरलेला असेल तर दगड ठाम आवाज देतो. कुठे पोकळी राहिली असेल तर बद्द वाजतो. बद्द वाजला, की माल ओला आहे तोवर फरशी उचलायची, खाली भर घालायची आणि पुन्हा बसवायची. पस्तीस वर्षे तो हेच करत आला होता आणि त्यातली सव्वीस वर्षे त्याची बायको शेजारी घमेल्यात माल कालवत बसलेली होती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आले, की ठोकून झाल्यावर तो तिच्याकडे बघतो. आधी तिला वाटले, पाणी हवे असेल. तिने बाटली पुढे केली. तो मुकाट्याने प्याला आणि पुढच्या फरशीनंतर पुन्हा तसाच बघत राहिला. त्या दिवशी बिचारा सहा वेळा पाणी प्याला. संध्याकाळी घरी परतताना मागची गाडी भोंगा वाजवून थकली, तरी हा आपला रस्त्याच्या मधूनच चाललेला. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दगड कापणाऱ्या कटरने त्याचे कान खाल्ले होते.

त्याने विषय काढला नाही, तिनेही छेडला नाही. पण न ठरवता एक रीत पडून गेली. फरशी नीट वाजली तर ती माल कालवत राही; बद्द वाजली तर तिचा हात थांबे. हात थांबला, की तो म्हणे, "ही काही मला पटली नाही. उचलू या." जणू हे त्याला स्वतःलाच सुचले होते. त्याची पत राखायला एवढे पुरेसे होते, आणि तिनेही त्याहून अधिक काही मागितले नव्हते.

आताचे घर एका नर्सबाईंचे होते. आजूबाजूचे सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून हे दोघेही सिस्टरच म्हणू लागले. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, दोन्हीकडे करड्या दगडाची फरशी; दोन फूट लांब, दोन फूट रुंद, बोटभर जाड. एका माणसाने उचलायचा तो ऐवज नव्हे. काच उचलायच्या रबरी मुठी दगडाला चिकटवून एका बाजूने त्याने धरायचे आणि दुसऱ्या बाजूने तिने. दिवसाकाठी चाळीस वेळा वाकायचे आणि चाळीस वेळा कंबर कुठे आहे ते नव्याने कळायचे. अलीकडे तिची बोटे सकाळी आपण होऊन मिटतही नसत. गरम पाण्यात बुडवून त्यांना समजूत घालावी लागे.

स्वयंपाकघरातली शेवटची ओळ बसवताना चार वाजून गेले होते. शेवटून दुसरी फरशी. त्याने ठोकले. कोपरे ठाम बोलले. मधला ठोका बद्द वाजला. इतका स्पष्ट, की शंकेला जागाच नव्हती. तिच्या हातातली थापी घमेल्यात फिरत होती. थांबायचे म्हणजे पुन्हा मुठी लावायच्या, पुन्हा वाकायचे, खालचा माल खरवडायचा, भर घालायची, दोरीशी पातळी मिळवायची. थांबावे असे तिच्या मनात आले. हात मात्र थांबला नाही. नवरा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मग पुढच्या जागेकडे सरकला.

नंतरचे दिवस सरळ गेले. सांधे भरले, फरशी धुतली, पुरती सुकू दिली आणि तिच्यावर डाग न शोषू देणारे द्रावण फडक्याने दोनदा चढवले. मिस्त्रीने सिस्टरना आपले नेहमीचे भाषण ऐकवले.

"ॲसिड नाही, व्हिनेगर नाही. लिंबू सांडलं तर पुसायला उद्याची वाट बघायची नाही. साधं पाणी, थोडासा सौम्य साबण. बस."

"आमच्या वॉर्डात एवढी पथ्यं पेशंटला नसतात," सिस्टर आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या.

"पेशंट घरी जातो. ही इथंच राहणार. वर्षानं पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर ठीक. दगड पाणी प्यायला लागला, काळपट झाला, तर द्रावणाचा हात पुन्हा द्यायचा. आणि या चार फरश्या गॅलरीत ठेवून जातोय, टाकून देऊ नका. दगडाचा असाच रंग पुन्हा मिळत नाही."

ती कोपऱ्यात बादल्या धूत होती. त्या एका फरशीकडे तिने पाहिले नाही. पण नंतरचा आठवडाभर ती मनातल्या मनात त्या फरशीला खालून हात देऊन उभी होती.

फोन तिनेच घेतला. फोन तीच घेत असे. "काकू, काल नवा फ्रिज आला," सिस्टर सांगत होत्या, "आणि ठेवताना एक फरशी तडकली हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे तिथे पोचले. तडा आरपार गेला होता. सिस्टर आपल्या परीने दोष वाटून मोकळ्या झाल्या होत्या. "आपटला असणार फ्रिजवाल्यांनी. एकाचा तर फोन कानाचा सुटतच नव्हता. तुमच्या कामाला मी बोल लावत नाही, मिस्त्री."

वाट आयती मोकळी झाली होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो गुडघ्यांवर हात देत खाली बसला, तळवा दगडावर टेकवला आणि हातोड्याच्या मुठीने मधोमध एकदाच ठोकले. या वेळी त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

"नाही सिस्टर. आपटला असता तर कडेचा टवका उडाला असता. ही मधून खचली. खाली पोकळ आहे."

"असं कसं झालं पण?"

"मला नीट ऐकू येत नाही. तीन वर्षं होतील. ठोकतो, पण काही कळत नाही. चूक माझी. बदलून देतो आणि थांबतो. पुरे झालं आता."

जे त्याने तीन वर्षांत बायकोजवळ उच्चारले नव्हते, ते तिच्यादेखत परक्या बाईला सांगून टाकले. आणि 'पुरे झालं' हे शब्द तर तिला गेले वर्षभर ऐकायचे होते. आता तिने फक्त गप्प राहायचे होते. सकाळी कंबर धरून उठणे नाही, घमेले नाही, दगडाची दुसरी बाजू नाही. सिस्टर गॅलरीतल्या फरश्यांवरचे सामान बाजूला करायला गेल्या. तो तडकलेल्या रेघेवरून अंगठा फिरवत बसला होता, पुन्हा पुन्हा.

ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली. तो त्यातल्या त्यात बरा होता. "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

अशी गोष्ट हळू सांगता येण्याची सोयही राहिली नव्हती. ती मोठ्याने म्हणाली, "बद्द वाजली होती. मला ऐकू आलं होतं. मी हात थांबवला नाही."

गॅलरीतला खडखड आवाज बंद झाला.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"हातोड्याच्या मुठीतून हाताला कळतं गं. कान गेलाय, हात अजून जागेवर आहे. पण खात्री वाटत नाही, म्हणून तुझ्याकडे बघतो. त्या दिवशी बघितलं, तर तुझा चेहरा असा झाला होता, की म्हटलं, आता हिला उचलायला लावलं तर ही इथेच आडवी होईल."

"मग तोंडानं म्हणायचं होतं, की जरा बस, मग उचलू."

"तू म्हणायचं होतंस."

तिने विचारले, "आणि सिस्टरपुढे सगळं स्वतःवर कशाला घेतलंत?"

"मग काय तुझं नाव सांगू?" मग त्याने विचारले, "आणखी कुठे असं झालंय?"

"नाही. हीच एक."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिले आणि मान डोलावली.

"पण मला खरंच पुरे झालंय," ती म्हणाली. "वर्ष झालं. रोज वाटतं, आज सांगावं."

"सांगायचं होतंस."

"कशी सांगणार? मी कामावरून उठले तर तुम्हाला फरशीचं कोण सांगणार?"

त्याने कटर जवळ ओढला, पण चालू केला नाही. "पुढच्या घराचा शब्द दिलाय. दोन खोल्या. तेवढं करू. दुपारी दोननंतर फरशी बसवायची नाही. दिवस लागतील तेवढे लागोत. मग थांबू."

"नक्की?"

"नक्की."

त्याने सांधे कापले, मधोमध छिन्नी लावून तडकलेला दगड फोडला आणि शेजारच्या फरश्यांना धक्का न लावता तुकडे काढले. खाली वाटीएवढा खळगा होता. दोघांनी तो पाहिला. तिने खळगा भरला, त्याने सारखा केला. गॅलरीतली एक फरशी दोघांनी मिळून आणली आणि खाली सोडली. त्याने रबरी हातोड्याने ती बसवली, शेजारच्या दगडांशी पातळी पाहिली आणि मग लाकडी मुठीने ठोकू लागला. एक, दोन, तीन कोपरे. चौथा बद्द वाजला.

तिची कंबर ठणकत होती. अकराही वाजले नव्हते.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली, "खिडकीकडचा कोपरा. उचला."

त्याने सुस्कारा सोडला आणि रबरी मुठी घ्यायला हात लांब केला. तिने बाह्या वर सारल्या आणि आपली बाजू धरली.