वाळुंजाखालची झोप

बुकबाइंडरच्या बायकोची झोप एका लांबलेल्या दुखण्यात हरवली, ती गादीवर, गच्चीवर, लेकीच्या घरी, कुठेच सापडेना. सापडली ती त्यांच्याच जमिनीच्या तुकड्यावर, ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाखाली. दुपारी तिथं खाट टाकली की पानांची सावली तिच्या अंगावरून पाण्यासारखी हलत राही आणि बघता बघता तिचा डोळा लागे. तो शेजारी पुस्तकं शिवत बसे. कागदातून दोरा ओढायचा तोही दबकत.

एके दिवशी वीज कंपनीची माणसं मोजमाप करून गेली. टॉवरच्या पायासाठी त्यांनी लाल खुंटी ठोकली, ती नेमकी खाटेच्या उशाशी.

वकील भाचीनं नोटीस वाचली. "मामा, कायद्यानं त्यांना जमीन घेता येते. नकोच म्हणून अडून बसलात तर हाती काही लागायचं नाही."

"मग संपलंच की."

"संपलं कसं? मोबदला मागायचा हक्क आहे. त्याआधी, इथं नको, तिथं घ्या, हे सांगायचाही आहे. हरकत मी लिहिते. सुनावणीत बोलायचं मात्र तुम्ही."

"मी?"

"अगं, हे मला बघायला आले तेव्हाही यांच्या वतीनं यांची आईच बोलत होती," बायको म्हणाली. "आता कुठून आणायची ती?"

सुनावणीत त्याचं नाव पुकारलं आणि घोकलेलं सगळं भुर्रकन उडून गेलं. उरलं तेवढंच तो बोलला. "साहेब, तिथं माझी बायको झोपते."

हशा पिकला. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "काका, नकाशात तिथं काहीच नाहीये."

"झोप नकाशात कशी दिसेल?" तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. "साहेब, ठरवण्याआधी एकदा येऊन बघा. बाकी काही नको."

सुनावणी घेणारा अधिकारी हसला नाही. "येतो," म्हणाला.

ते आले तेव्हा ती गाढ झोपली होती. कुणी कुणाला गप्प केलं नाही, तरी सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. ओढा वाहत होता की सावली, तेही कळेना. अधिकाऱ्याच्याही पापण्या जड झाल्या. भानावर येत त्यानं पलीकडच्या खडकाकडे बोट दाखवलं. इंजिनिअरनं बूट काढले, चवड्यांवर जाऊन मापं घेतली आणि परत येऊन कुजबुजला, "लाइन जरा वाकेल. पण जमेल." मग काटा काढावा तशी अलगद त्यानं खुंटी उपटली.

ऊन कलल्यावर ती जागी झाली. "कोण आलं होतं?"

"वीजवाले. टॉवर खडकावर गेला. पण तारा इथूनच जाणार, आणि त्या गुणगुणतात म्हणे." त्याचा चेहरा उतरला होता. "तुला झोप लागेल ना?"

"जन्मभर तुमच्या घोरण्यात झोपले मी," ती कूस बदलत म्हणाली. "तारांचं काय घेऊन बसलात!"

आणि तिचा पुन्हा डोळा लागला.