पांढरी पट्टी

“बाय, ह्यो परत आलाय.” कारखान्यातले जुने कामगार आबाजी यांनी उचल म्हणून मिळालेला चेक सुनंदाबाईंच्या टेबलावर ठेवला. “बँकवाला म्हनला, मशीनला वाचताच येत नाय.”

सुनंदाबाईंनी तो हातात घेतला. खालापूरच्या त्या प्लास्टिकच्या कारखान्यात चेक छापायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होतं. बँकेचा चेक प्रिंटरमध्ये लावायचा, नाव, रक्कम, तारीख आणि सहीच्या जागी कंपनीचं नाव जागच्या जागी उमटवायचं. खालच्या पांढऱ्या पट्टीवर मात्र काही उतरू द्यायचं नाही. तिथले चुंबकी शाईचे आकडे बँकेचं यंत्र वाचतं.

त्यांनी चेक खिडकीकडे धरला. पट्टीच्या कडा दिसल्या, मधलं काही दिसेना. तिथे धुरकट डाग होता. तो कागदावरचा नव्हता. गेले काही महिने त्या जिथे बघतील तिथे तो असायचा. कर्जतच्या डॉक्टरांनी पनवेलला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. त्या गेल्या नव्हत्या. घरीही बोलल्या नव्हत्या. रसायनीच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून नवरा घरीच होता.

“पैसं नाय म्हून नातीचं, गौराचं आपरेशन पुढं ढकललं,” आबाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुनंदाबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

मालक हर्षदशेठ केबिनमधून आले. चेक पाहून म्हणाले, “कंपनीचं नाव थेट आकड्यांवर छापलंय. चेक लावला कोणी?”

सुनंदाबाईंच्या हाताखाली आलेली नवी मुलगी संजना उभी राहिली. “मी लावला, सर. पण…”

“पण काय? उद्यापासून येऊ नकोस.”

संजनाने सुनंदाबाईंकडे पाहिलं. छापलेला चेक तिने त्यांना दाखवला होता आणि त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. ते दोघींनाच माहीत होतं. ही पोर काही बोलणार नाही, हेही सुनंदाबाईंना कळत होतं. गप्प बसलं तर निभावून जाणार होतं.  टेबलाची कड धरून त्या उठल्या.

“शेठ, तपासला मी होता. मला दिसलं नाही.”

“दिसलं नाही म्हणजे?”

“नीट दिसतच नाही मला. बरेच महिने झाले.”

“मग सांगायचं नाही?”

“घाबरले,” त्या म्हणाल्या. “अजूनही घाबरलेच आहे.”

हर्षदशेठनी चेक टेबलावर ठेवला. “तुमचं नंतर बघू,” एवढंच म्हणून त्यांनी संजनाला दुसरा चेक छापायला सांगितलं. ‘नंतर’ म्हणजे काय, ते सुनंदाबाईंना कळलं नाही; त्या संजनाजवळ गेल्या.

“आधी साध्या कागदावर काढ गं,” त्या संजनाला हळूच म्हणाल्या. “चेकवर ठेवून उजेडात धर. मग छाप.”

चेक बाहेर आला. शेठ सही करून आत गेले. आबाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सुनंदाबाईंपुढे धरला. “आता चालंल ना, बाय?”

सुनंदाबाईंनी हात पुढे केला नाही.

“तिला विचारा, आबाजी,” त्या म्हणाल्या, आणि आपली खुर्ची प्रिंटरपासून थोडी मागे सरकवून बसल्या.