एक मोती कमी

सुगंधा परबला कमी-जास्त काही सहन होत नसे. दुसऱ्याच्या घरी गेली तरी भिंतीवरचा वाकडा फोटो सरळ केल्याशिवाय तिला तिथला चहा गोड लागायचा नाही. नवरा गुणाजी म्हणायचा, "ही वर गेली तरी आधी यमाचा पायपुसणा सरळ करतली." आता अशा बाईच्या हातात कुणी आजीच्या लग्नातल्या मुंडावळ्या द्याव्यात आणि वर बजावावं, "मावशी, फक्त दोरा बदला हं, बाकी काही करू नका!" सांगा बरं, काय होणार?

चारकोपच्या आपल्या खोलीत सुगंधा नवरीसाठी जुन्या घाटाचे दागिने बनवायची. मुंडावळ्या, अंबाड्यात खोचायची फुलं, वेणीचे गोंडे. हल्लीच्या मुलींना वस्तू नवीकोरी हवी, पण दिसायला पणजीची हवी. मग सुगंधा रेशीम चहाच्या पाण्यात बुडवायची, जरीची चकाकी मारायची. तुटक्या माळांतले पिवळट पडलेले काचेचे मोती ती एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायची. खऱ्या जुन्या माळेत त्यातला एखादा ओवून गिऱ्हाइकापुढे धरायची. "ओळखून दाखवा बघू, माझा कुठला?" आजवर कुणाच्या बापाला ओळखता आलं नव्हतं.

या मुंडावळ्या बोरिवलीच्या दीप्ती कारखानीसने आणल्या होत्या. लग्न रविवारी. मोती बारीक पण खरे, दोरा मात्र कुजलेला. सुगंधाने दोरा कापला, मोती मोजले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. कानांजवळ लोंबणाऱ्या दोन पदरांपैकी उजव्यात अकरा मोती आणि डाव्यात दहाच! फक्त दोरा बदलायचा म्हणे. अशी लंगडी वस्तू नवरीच्या कपाळी बांधायची? लोक काय म्हणतील, परबिणीला मोजता येत नाही?

तिने डबा उघडला, अर्धा तास शोधून जुळता मोती काढला आणि दोन्ही पदरांचे मोती वाटीत कालवून पुन्हा ओवले. अकरा आणि अकरा. खिडकीत धरून पाहिलं तर तिलाच तिचा मोती ओळखू येईना. काय सांगू, स्वतःवरच खूश झाली बया.

शनिवारी दुपारी दीप्ती रिक्षातून उतरली ती दोन्ही हात वर धरून. कोपरापर्यंत ओली मेंदी. सोबत आजी, मृणालिनीबाई. वय पंचाहत्तर, साडी कडक, जीभ त्याहून कडक. त्यांनी मुंडावळ्या हातात घेतल्या, डाव्या पदरावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"ह्या माझ्या नव्हेत."

"अहो आजी, असं कसं? तुमच्याच आहेत!" सुगंधा म्हणाली. "डावीकडे एक मोती कमी होता, तो तेवढा मी घातला."

"तोच तर माझा होता," आजी म्हणाल्या.

मग सगळा उलगडा झाला. आजीच्या लग्नात पंक्तीत घास भरवायची वेळ आली, आजी वाकल्या, डावा पदर तटकन तुटला आणि एक मोती जिलबीत पडला. आजीने लाजत लाजत तीच जिलबी नवऱ्याला भरवली. श्यामसुंदररावांनी कडकन चावली. पुढच्या दाताचा टवका उडाला! समोर सासरेबुवा बसलेले, थुंकायचं कसं? गिळला की मोती! लग्नाच्या एकाही फोटोत नवऱ्याचं तोंड उघडं नाही.

"पन्नास वर्षं टोमणे मारले मला," आजी म्हणाल्या. "'तुझ्या माहेरचा एकच दागिना मला मिळाला, तोही पोटात गेला.' दात बसवून घ्या म्हटलं तर नाही. म्हणे, पुरावा आहे! त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी रोज कपाट उघडून ह्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवते. फार आठवण येते हो."

दीप्तीचे डोळे भरून आले. मेंदीमुळे पुसताही येईनात.

गुणाजी आतून म्हणाला, "तुका कोणी सांगलेला गो?"

सुगंधाचा चेहरा पडला. "अकरावा काढून टाका, झालं," आजी म्हणाल्या. आता कुठलाही एक काढला असता तरी चाललं असतं. आजीला काय कळणार होतं? कुणालाच कळणार नव्हतं, तीच तर तिची ख्याती! पण आपण खरा काढला आणि काचेचा राहिला, तर? ही बाई रोज आपल्या काचेवर बोट फिरवणार. सुगंधाला ते सोसेना.

"आजी, खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "माझा मोती कुठला, ते मलाच ओळखता येत नाहीये. वाट लावली मी."

मग सुगंधानेच मांडीवर थाप मारली. "थांबा! दात!"

खरा मोती दातावर घासला की खरखरतो, काच गुळगुळीत लागते. पण दात आणायचे कुणाचे? आजींची अख्खी कवळी. सुगंधाचे पुढचे दोन बसवलेले. गुणाजीने हौसेने तोंड उघडलं, पण तिथली मशेरी पाहून आजींनीच मान फिरवली. उरली दीप्ती, आणि तिला तर हात नव्हते.

मग आजींनी पदर हातात धरला आणि नातीला एकेक मोती भरवायला सुरुवात केली. "आ कर. कसा आहे?"

"खरखरीत."

"हा?"

"खरखरीत. आजी, लिपस्टिक जाईल ना!"

"जाऊ दे. आ कर."

उजवा पदर अख्खा खरा निघाला. सुगंधाचा जीव टांगणीला. डाव्याचा पहिला, दुसरा, पाचवा. आठव्याला दीप्ती थांबली. तिने पुन्हा घासला. "हा गुळगुळीत आहे!"

सुगंधाने झटकन पदराच्या टोकाचा गोंडा सोडवला, खालचे तीन मोती उतरवले, आपला काढला, ते तीन पुन्हा ओवले आणि गाठ मारली. अकरा आणि दहा. डावा पदर किंचित वर राहिला. आजींनी बोट फिरवलं आणि त्या हसल्या.

"हा तुमचा मोती मी नेऊ?"

"न्या की. पण काय करणार त्याचं?"

"उद्या नवरदेवाच्या, मिहिररावांच्या जिलबीत घालते."

"आजी!" दीप्ती किंचाळली. "त्याचा दात तुटला तर?"

"तुटू दे गं. पन्नास वर्षं भांडायला काहीतरी नको?"

सुगंधा मोती पुडीत बांधता बांधता थांबली. तिला राहवेना. तिने बिस्किटाचा डबा पुन्हा उघडला, तेवढाच, तसाच आणखी एक मोती शोधला आणि पुडीत टाकला.

"हा नवरीच्या जिलबीत घाला," ती आजींना म्हणाली. "दोन्हीकडे सारखं हवं."