पहिला शब्द

ऐन दिवाळीच्या तोंडावर उल्हास कामतेकरांना पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता घुं-घुं आवाज यायचा. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अखंड बडबडणारा माणूस मुका झाला.

त्यांची बायको चंद्रप्रभा उद्योग भवनात नोकरीला होती. सकाळी त्यांचं अंग पुसून, नाश्ता भरवून, आयाच्या हवाली करून ती बस पकडायची. संध्याकाळी आली की पुन्हा तेच. ऑफिसात विचारायचे, "साहब कैसे हैं?" नागपूरहून धाकटा दीर भालचंद्र फोनवर तेच विचारायचा. "बरे आहेत. काळजी करू नका भावजी, मी आहे ना," ती म्हणायची. आणि फोन ठेवून मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

मार्चमधल्या एका रविवारी तिनं उपमा केला. पहिला घास त्यांनी थुंकला. दुसऱ्याला तोंड फिरवलं. तिनं तिसरा पुढे केला, तसा त्यांनी डावा हात असा हाणला की बशी नुकत्याच बदललेल्या चादरीवर पालथी झाली.

"टाका! सगळंच टाका!" चंद्रप्रभा ओरडली. "मी काय मशीन आहे? त्या दिवशीच गेला असतात ना, तर तुम्हीही सुटला असतात आणि मीही!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. उल्हास तिच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, ओठ वेडेवाकडे हलले.

"खा... खारट!"

"काय?"

"खारट!"

तिनं चादरीवरचा उपमा उचलून तोंडात टाकला. मीठ दोनदा पडलं होतं.

"अहो, खारटच आहे! केवढा खारट आहे हो!" ती हसत होती की रडत होती, तिलाच कळेना. तशीच अनवाणी धावत जाऊन तिनं समोरच्या बलजीतचं दार बडवलं.

"बोले! ये बोले!"

"हाय रब्बा! क्या बोले?"

"बोले, नमक ज़्यादा है!"

बलजीत साबणाच्या हातांनीच धावत आली. वरच्या मजल्यावरचेही उतरले. खोली भरून गेली. "भाई साहब, एक बार मुझे भी सुनाओ," बलजीत म्हणाली. उल्हासनी सगळा जीव गोळा केला. "खारट." तिला अर्थ कळला नाही, पण तिनं टाळ्या पिटल्या आणि पळत जाऊन गरम पराठे आणले.

सगळे गेल्यावर चंद्रप्रभा पलंगाच्या कडेवर टेकली.

"मघाशी मी जे बोलले..."

त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"रोज नाही वाटत तसं," ती कशीबशी म्हणाली. "पण कधीकधी वाटतं. फार थकलेय हो मी."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली, आणि मग फोनकडे बोट दाखवलं.

तिनं नागपूर लावलं. "भावजी, हे बोलले!" पलीकडून भालचंद्रची आरोळी घरभर ऐकू आली. त्यानं सगळं दोनदा वदवून घेतलं. ती फोन ठेवणार होती. उल्हासनी जोरात मान हलवून नको अशी खूण केली आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

"आणि भावजी... माझ्याच्यानं एकटीनं नाही होत आता. याल थोडे दिवस?"

"वहिनी, अहो आधी नाही का सांगायचं? उद्याच रजा टाकतो."

त्याच आठवड्यात तो आला. शनिवारी जेवण झाल्यावर त्यानं तिला जबरदस्तीनं आतल्या खोलीत धाडलं. जरा पाठ टेकते म्हणून ती आडवी झाली, ती दिवे लागायच्या वेळेलाच जागी झाली. अपराध्यासारखी धडपडत उठतेय तोच बाहेरून आवाज आला.

"दादा, खुणा नकोत. तोंडानं माग, तरच देतो."

"च... च..." आणि एकदम रागानं, खणखणीत, "चहा!"

"वहिनी!" भालचंद्र ओरडला. पण ती दाराशी पोचलीसुद्धा होती.