खालच्या आळीची भाकरी

शनिवारची सकाळ होती. पातेल्यातल्या पाण्याला उकळी आली, तसं सोनूबाईने त्यात तांदळाचं पीठ लोटलं, भराभर ढवळलं आणि झाकण ठेवून स्टोव्ह बारीक केला.

"आता ह्याला हात लावायचा न्हाई. वाफ बसू द्यायची," ती लेकीला म्हणाली. "तुमच्या बोरिवलीच्या शाळंत शिकवत्यात का हे?"

राधा हसली. ती बोरिवलीला मराठी शिकवायची, आणि जमेल तेव्हा शनिवार-रविवार जोडून आईकडे घाटकोपरला यायची. डोंगराच्या उतारावरची ती वस्ती. वरच्या आळीत कोकणातली घरं. एके काळी सगळी गिरणीतली, आता कुणी बेस्टमध्ये तर कुणी पोस्टात. खालच्या आळीत जालना-परभणीकडून आलेली बौद्ध घरं. दोन्हींच्या मध्ये दगडी पायऱ्या आणि त्या पायऱ्यांच्या मध्यावर साहाय्य मंडळाची पत्र्याची खोली.

जन्मभर ज्वारीची भाकरी थापलेल्या बाईने म्हातारपणी तांदळाची भाकरी शिकायला घ्यावी, याला कारण घडलं होतं. मुलुंडच्या एका कारखान्यात औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरणाऱ्या बायका होत्या. कायम करण्याची मागणी केली म्हणून मालकाने त्यांना घरी बसवलं. पाऊस सरल्यापासून त्या कारखान्याच्या फाटकासमोर धरणं धरून होत्या, आणि त्यांच्या दुपारच्या जेवणाचा भार मंडळाने उचलला होता. मंडळाची ती जुनी रीत. कुठे झोपड्या पाडल्या, कुठे टाळेबंदी झाली, आरे कॉलनीतल्या पाड्यांनी पाण्यासाठी मोर्चा काढला, की वस्तीतल्या प्रत्येक घराने दोन भाकऱ्या जास्त थापायच्या. वर्गणी मागायची नाही, भाकरी मागायची. पैसे एकटा बापई माणूस देतो, पण भाकरी द्यायची तर सगळं घर लढ्यात उतरावं लागतं, असं मंडळाचे अध्यक्ष काशीराम परब प्रत्येक सभेत सांगत, आणि त्यावर टाळ्या पडत. वरच्या आळीतल्या भाकऱ्या रुक्मिणीबाई गोळा करायच्या, खालच्या आळीतल्या सोनूबाई. दोघींच्या टोपल्या मंडळाच्या खोलीत पोचायच्या आणि तिथून लवूच्या टेम्पोने मुलुंडला जायच्या.

धरण्याच्या सुरुवातीला एकदा सोनूबाईला खोलीच्या कोपऱ्यात तिच्या टोपलीतल्या भाकऱ्या तशाच पडलेल्या दिसल्या. रुक्मिणीबाईंनी सांगितलं की फाटकावरच्या बऱ्याच जणी कोकणातल्या, त्यांच्या पोटाला ज्वारी जड पडते. सोनूबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. उपाशी माणसाला न पचणारं अन्न आपण धाडलं, याचीच तिला चुटपुट लागली. तिने रुक्मिणीबाईंनाच गळ घातली आणि त्यांच्याकडून उकड काढायला शिकली. मग खालच्या आळीत घरोघर बसून एकेकीला शिकवलं. तेव्हापासून रेशनच्या तांदळाचं पीठ फाटकासाठी राखून ठेवायचं आणि घरात ज्वारी खायची, अशी आळीची रीतच पडून गेली.

भाकऱ्या तव्यावर फुगायला लागल्या, तेवढ्यात दारात रुक्मिणीबाई उभ्या राहिल्या.

"झाल्यो काय गो सोनू? की आजय चंद्रकोरीच काढतंस?"

"या की. तुमच्या कपाळाच्या कुंकवापरीस गोल हायती."

दोघी हसल्या. ही मैत्री आजची नव्हती. राधाच्या वेळी सोनूबाईला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा थांबवून तिला दवाखान्यात नेणाऱ्या रुक्मिणीबाईच होत्या. राधाचा बाप, शिवदास, गेला तेव्हा तेरा दिवस रात्री उशाशी येऊन बसल्या त्याही त्याच. राधा त्यांना मावशी म्हणत मोठी झाली होती. उद्या लेकीला फाटक दाखवायला न्यावं म्हणते, टेम्पोतूनच जाऊ, असं सोनूबाईने सांगितलं, तेव्हा मावशी जरा घुटमळल्या. टेम्पोत जागा नसते, त्यापेक्षा दुपारी बसने या, एवढं म्हणून त्या पायऱ्या चढून गेल्या. सोनूबाई मात्र उभ्याने जायची तयारी ठेवून बसली होती. आपल्या हातच्या भाकऱ्या खाणाऱ्या बायकांना तिने अजून एकदाही पाहिलं नव्हतं. आठवडाभर गोदामात धान्य निवडायला जावं लागे, आणि रविवारी घरची धुणी आणि आळीतली दुखणीखुपणी तिची वाट पाहत असत.

रविवारी मायलेकींनी टोपली खोलीत नेऊन ठेवली आणि लुगडं बदलायला त्या घरी आल्या. सोनूबाईने ठेवणीतलं निळं लुगडं काढलं. परत पोचल्या तेव्हा लवूचा टेम्पो खाली रस्त्यावर घरघरत होता आणि वरच्या आळीची टोपली त्यात चढली होती. खोलीत तबेल्यातला एक भैया खालच्या आळीची टोपली पोत्यात उपडी करत होता.

त्याला या बाईची ओळख होती. तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "अच्छी रोटी है, माई. भैंस बड़े मन से खाती है."

"रोज नेतोस का रं बाबा?"

"रोज, माई. मंडलवालों ने बोल रखा है."

सोनूबाईने पोत्यात हात घालून एक भाकरी बाहेर काढली. ती उलटसुलट करून पाहिली, जणू आपलीच आहे की दुसऱ्या कुणाची याची खात्री करत होती. रुक्मिणीबाई दारात आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. भैयाला काही कळलं नाही, पण इथे आपण नसावं एवढं उमगून तो पोतं उचलून निघून गेला.

"रुक्माबाई," सोनूबाई म्हणाली, "ज्वारी पचत न्हाई म्हनला होता. ही तांदळाची हाय."

रुक्मिणीबाई बाकावर बसल्या. पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"आयक, सोनू. पयल्याच दिसा फाटकार चार बायको जेवणावरसून उठल्यो. टोपली खालच्या आळीची म्हणान त्यांका कळला. काशीराम म्हणालो, ह्या वाढवला तर धरणा मोडात. मालक तेचीच वाट बघता."

"चौघी उठल्या. बसलेल्या किती होत्या?"

सोनूबाईने हातातली भाकरी बाकावर ठेवली.

"मग मला शिकवली कशापायी?"

"तू इतक्या हौशीन इचारलंस गो. माका नाय म्हणवला नाय."

राधाने तोंड उघडलं. आईने तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला तसंच पायऱ्या उतरवून घरी आणलं. राधाने पुस्तकांतून अशा गोष्टी पुष्कळ वाचल्या होत्या. त्यांतली दुष्ट माणसं पहिल्या पानावर ओळखू यायची. इथे अन्याय करणारी बाई तिच्या जन्माच्या वेळी हजर होती, आणि अन्याय चालला होता तो अन्यायाविरुद्धच्या लढ्याला जपण्यासाठी. मालकाने बायकांना दाराबाहेर बसवलं म्हणून मंडळ पेटून उठलं होतं. आणि त्याच मंडळाने एका आळीला कुणाला कळू न देता दाराबाहेर बसवलं होतं. वर तिच्याकडून रोज तांदूळही घेतला होता.

घरी आल्यावर सोनूबाईने ठेवणीतलं लुगडं सोडून घडी घातली आणि जुनं नेसली. मग म्हणाली, "आळीत सांगू नगंस. बाया मनापास्नं देत्यात. कळलं तर त्यांच्या हातापायातलं बळ जाईल. आन् तिकडं त्या फाटकाव बसल्यात, त्यांनी काय वाईट केलंय आपलं?"

राधाने शब्द दिला. आईने काही मागावं असे प्रसंग फार आले नव्हते.

पण दुसऱ्या दिवशी आळीतल्या भाकऱ्या नेहमीसारख्या दारादारांत तयार होत्या. त्या नको म्हणायच्या तर कारण सांगावं लागणार. सोनूबाईने गोदामातलं काम अर्ध्या दिवसावर आणलं आणि टोपली डोक्यावर घेऊन ती खोलीला वळसा घालून थेट बसथांब्यावर गेली. गोवंडीला उतरायचं आणि देवनारच्या डंपावर कचरा वेचणाऱ्या बायकांना भाकऱ्या वाटायच्या, असा तिचा रोजचा क्रम सुरू झाला. आळीला वाटे, ती आता स्वतःच फाटकावर टोपली पोचवते. पुढच्या शनिवारी राधा तिच्याबरोबर गेली. धूर, घारी, ढिगाऱ्याच्या कडेला फतकल मारून बसलेल्या बायका. कुणी पाठवल्या म्हणून एकीने विचारलं, तेव्हा सोनूबाई म्हणाली, "आमच्या आळीनं." त्या बायकांनी भाकरीच्या रंगाकडे पाहिलं नाही, आळीचं नावही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये आईला धाप लागली होती. राधाने विनवलं की हे आता थांबव. आई म्हणाली, थांबवलं तर आळी विचारेल का थांबवलं, मग काय सांगू.

मंडळातून मात्र कुणी काही विचारलं नाही. काशीराम परब एकदा तिला बसथांब्यावर टोपलीसकट भेटले. त्यांनी प्रकृतीची चौकशी केली, लेकीची चौकशी केली, टोपलीची केली नाही. तबेल्याचा भैया खोलीवर येऊन रिकाम्या हाताने परत गेला. त्याचीही कुणी दखल घेतली नाही. गोष्ट आपोआप मिटली, असंच सगळ्यांना वाटलं असावं.

एका दुपारी गोवंडीच्या थांब्यावर सोनूबाई रिकामी टोपली शेजारी ठेवून टेकली, ती पुन्हा उठली नाही. डॉक्टरांनी रक्तदाब म्हणून लिहिलं. फाटकावरून येताना ती तिकडे कुणाला भेटायला गेली असेल, असं आळीने धरलं. भाकरीच्या दुःखाने माणूस मरतं असं म्हणणाऱ्यांतली राधा नव्हती. आईला रक्तदाब होता, औषधं ती विसरायची, हे तिला ठाऊक होतं. पण रोज दुपारी उन्हात तो डंप तुडवण्याची पाळी तिच्यावर का आली, हेही तिला ठाऊक होतं आणि ते कुठल्याच कागदावर आलं नव्हतं.

मंडळाने शोकसभा ठेवली. वरच्या आळीतल्या शाळेचं सभागृह मिळालं. सोनूबाईच्या फोटोला मोगऱ्याचा हार होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या. खुर्च्या वरच्या आळीने भरल्या आणि सतरंज्या खालच्या आळीने, कुणी कुणाला न सांगता. रुक्मिणीबाई पहिल्या रांगेत बसून रडत होत्या. ते रडणं खोटं नव्हतं, आणि राधाला तेच जास्त लागत होतं. खोटं असतं तर तिला त्यांचा नुसता राग आला असता.

काशीराम परब बोलले. सोनूबाईसारखी माणसं हा चळवळीचा कणा आहे, म्हणाले. तिच्या भाकरीने मुलुंडचं धरणं उभं ठेवलं, म्हणाले. ठिकठिकाणच्या कष्टकऱ्यांच्या लढ्यांना मदत करण्यासाठी मंडळ 'सोनूबाई भाकरी निधी' सुरू करत आहे आणि तिच्या सुविद्य कन्येने त्याला संमती देऊन दोन शब्द बोलावेत, अशी त्यांनी विनंती केली. टाळ्या पडल्या.

राधा उठत असताना सतरंजीवरच्या कुंदाने तिचा हात ओढला. कुंदा आईच्या शेजारच्या खोलीतली, दोन लेकरांची आई. ती हळूच म्हणाली, "ताई, काळजी करू नगा. उद्यापास्नं टोपली मी घेती. अख्ख्या आळीनं ठरवलंय. सोनूआत्यानं शिकवल्यावाणीच, तांदळाची. त्या फाटकावरच्या बाया उपाशी ऱ्हायला नगंत."

राधा फोटोसमोर जाऊन उभी राहिली.  आईला दिलेला शब्द तिने आई असेपर्यंत पाळला होता, आणि आईनंतरही पाळायचं ठरवूनच ती आज आली होती. दोन ओळी तिने मनाशी जुळवल्या होत्या, आभाराच्या. मागे कुंदा दोन्ही हात मांडीवर ठेवून, कौतुकाने तिच्याकडे पाहत होती. उद्या पहाटे ती उठणार होती. लेकरांच्या ताटात ज्वारी वाढून तांदळाचं पीठ पाण्यात लोटणार होती.

"माझ्या आईचं नाव या निधीला लागणार नाही," राधा म्हणाली. आवाज तिने चढवला नाही; वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवतात तेवढाच ठेवला. "आईने मला सांगितलं होतं की आळीत बोलू नकोस. मी बोलले नाही. आज बोलते, कारण कुंदा उद्या पहाटे उठणार आहे."

काशीराम परब खुर्चीवरून अर्धे उठले. रुक्मिणीबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"कुंदा, पहिला दिवस सोडला तर खालच्या आळीची एकही भाकरी फाटकावर पोचली नाही. त्या दिवशी चार बायका जेवणावरून उठल्या, म्हणून मंडळाने दुसऱ्या दिवसापासून आपली टोपली तबेल्यात धाडली. ज्वारीचीही आणि तांदळाचीही. आईला कळलं, तेव्हा ती गप्प बसली आणि तुमच्या भाकऱ्या देवनारच्या डंपावर नेऊन वाटत राहिली. तुम्हाला कळू नये म्हणून. रुक्मिणीमावशींना हे माहीत आहे. काशीरामकाकांना माहीत आहे. इथे खुर्च्यांवर बसलेल्या आणखी कुणाकुणाला माहीत आहे, ते त्यांचं त्यांनी पाहावं."

 कुंदाने मांडीवरचे हात पदराखाली ओढून घेतले. काशीराम परब म्हणाले की बाळ, धरण्याचा विचार कर, हे बोलायची ही वेळ नव्हे.

"धरण्याचाच विचार करते आहे, काका. उद्या रजा काढते मी. कुंदा आणि मी दोघी टोपली घेऊन मुलुंडला जाणार. ज्वारीची भाकरी नेणार, आमच्या घरी होते ती. फाटकावर मी स्वतः सांगणार की ही कुठल्या आळीची आहे, आणि मग पंगतीत वाढणार. ज्यांना उठायचं आहे त्यांनी माझ्या तोंडासमोर उठावं. तुम्ही आता त्यांच्या वतीने उठू नका."