चार सेंटिमीटर कमी

गल्लीत तिला सगळे इंचबाई म्हणत. शिवणकामात हातखंडा, आणि नुसत्या नजरेनं ती माप सांगायची. टेप लावला तरी सूतभर फरक निघत नसे. अशा बाईच्या नजरेतून सुनेचं पोट सुटणार कसं? चौथ्या महिन्यात तिनं सुनेला दोन झगे शिवले होते, कडेला भरपूर कापड आत दुमडून, पोट वाढेल तशी शिवण उसवता यावी म्हणून. सातवा लागला तरी उसवायची वेळ आली नव्हती.

इथेच मनात पाल चुकचुकली. ही जेवते की ताट सरकवते? की दिवसच खोटे सांगितले? मुलगा दूर बोटीवर नोकरीला, विचारणार कुणाला? तिनं पाळत ठेवली. सून घासन्घास संपवायची, पण चेहरा पांढराफटक आणि जिना चढताना दोनदा टेकायची. सगळी सोंगं, असं इंचबाईनं मनाशी ठरवून टाकलं. एका सकाळी सून अंघोळीला गेल्यावर तिनं सरळ तिची पिशवी उपसली. तळाशी गोळ्यांचं पाकीट निघालं, अर्धं भरलेलं. म्हणजे ही चोरून कसल्यातरी गोळ्या घेते! चोर मुद्देमालासकट सापडला. एक शब्दही न विचारता, ते पाकीट बरोबर घेऊन, ती सुनेला दवाखान्यात घेऊन गेली.

नर्सनं पोटावर टेप लावला. असायला हवं त्यापेक्षा माप चार सेंटिमीटर कमी. रक्त तपासलं तर मलेरिया, तीन महिन्यांपूर्वी झाला होता तोच. ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं, नर्स म्हणाली. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की जंतू बाळाला पोसणाऱ्या वारेत दडून बसतात, आईचं रक्त कमी होतं, बाळाला पोषण पुरत नाही. बाळ हलकं होतं, कधी दिवस भरायच्या आत येतं, कधी हाती लागतही नाही.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" नर्सनं ते अर्धं पाकीट बघून विचारलं.

इंचबाई सुनेकडे रोखून बघत राहिली. आता बोल म्हणावं.

"मीच," सून खाली बघत म्हणाली.

आणि इंचबाईला स्वतःचंच बोलणं आठवलं. मलेरियाच्या गोळ्यांनी दुसऱ्याच दिवशी ताप उतरला तेव्हा मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली होती, की आता पुरे, असली कडक औषधं पोटातल्याला बाधतात. सून 'बरं, आई' एवढंच म्हणाली होती. इंचबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं बोलतेय ती," इंचबाई म्हणाली. "मी बंद करायला लावल्या."

नर्स रागावली नाही, तेच जास्त लागलं. नव्या गोळ्या मिळाल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा माप. बाळ वाढेल ना, असं इंचबाईनं तीनदा विचारलं. नर्सनं हमी दिली नाही.

घरी आल्यावर पहिली गोळी तिनं स्वतः सुनेच्या हातावर ठेवली. पाणी पिऊन सून म्हणाली, "आई, झगे फार सैल होतात. आत घेता का थोडे?"

इंचबाईनं झग्याची कड चाचपली. आतलं कापड जसंच्या तसं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "लागेल ते."