रेड्यावरून उडी

"बाक आडवा लावलाय, सर," स्वरूपा म्हणाली आणि आठवीचा अख्खा वर्ग रामहरी सरांच्या पायांकडे बघू लागला.

पिंपळीच्या शाळेत 'ओव्हर' शिकवायचा तो उडी मारूनच, हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं. आपलं मराठीचं एका 'वर'मध्ये भागतं, सर सांगत. दप्तरही बाकावर आणि पंखाही बाकावरच. इंग्रजाचं तसं नाही. दप्तर टेकलं, 'ऑन'. पण चिमणी न टेकता पार गेली, कालव्यावरून पूल गेला, झोपलेल्या पोरावर आईनं वाकळ ओढली, की 'ओव्हर'. एवढं सांगून होईस्तोवर सर बाकाच्या पलीकडे असत.

सांगोवांगी त्या बाकाचं बारामतीच्या बाजारात रेडकू झालं होतं. इंदापूरला पोचेपर्यंत त्याला शिंगं फुटून रेडा झाला. सरांनी कधी कुणाला अडवलं नाही.

"आमचं आबा म्हन्त्यात, तुमी रेड्यावरनं उडी मारलीवती," मागून एक पोरगा म्हणाला.

"एकच म्हणाले? विसरले असतील. जोडी होती."

वर्ग हसला. सरांचा हात गुडघ्याकडे गेला. दिवाळीत लुना घसरली, तेव्हापासून मांडी घालायचीही सोय उरली नव्हती. उन्हाळ्यात निवृत्ती. आज आपटलो तर रेडा जाईल आणि लंगडा मास्तर तेवढा लोकांच्या तोंडी राहील, हे त्यांना लख्ख दिसत होतं. दारातून शिपाई गेणबा मानेनंच नको नको म्हणत होता.

सर भिंतीपर्यंत मागे गेले. विजार वर दुमडली. धावले, आणि बाकाशी येऊन थांबले.



"गुडघा न्हाय म्हणतोय," सर म्हणाले, जणू मागच्या रांगेतल्या उनाडाची तक्रार सांगावी. मग स्वरूपाकडे वळले. "तू मार."

"पोरी न्हाय मारत, सर."

"रेडा इचारतोय व्हय, पोरगी का पोरगा?"

स्वरूपानं वेण्या मागे टाकल्या. बाक डुगडुगत होता. सर कमरेत वाकले आणि त्याचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. ती धावत आली, वाऱ्यासारखी पार गेली. बाक तसूभर हलला नाही.

मग भिंतीशी रांगच लागली. सरांनी मान वर केली नाही. वाकल्या वाकल्या ते नुसत्या पावलांवरून पोरं ओळखत होते आणि एकेकाचं नाव घेऊन बोलावत होते.